न लिहिलेले ऐंशी किलोमीटर

आमच्या घरी पाहुणा आला की हातातला पाण्याचा गिलास खाली ठेवायच्या आत बाबांना विचारायचा, "मंग, किती देऊन राहिली?" त्यात गाडी हा शब्द नसायचा, पेट्रोल हाही नसायचा. विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला काय ते ठाऊक असायचं. बाबा आढ्याकडे बघत क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, "सोळा पॉइंट आठ. मागच्या टाकीले सतरा पॉइंट एक पडला होता." पाहुणा मान डोलवायचा, आणि मग आईकडे वळून तिच्या कमरेची चौकशी व्हायची. खरं तर गाडी घेतली ती आईच्या कमरेसाठीच. अंगणवाडीच्या ओट्यावरून पडल्यापासून तिला मोटारसायकलच्या मागे बसता येईना, आणि भंडाऱ्याच्या दवाखान्यात तर दर महिन्याला जावं लागे. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा बाबांचं अर्धं ऑफिस तिकडे गेलं, बाबा इकडेच राहिले, आणि राहिल्याच्या आनंदात त्यांनी साकोलीच्या एका कापड दुकानदाराकडून ही जुनी, छोटी, पांढरी गाडी घेतली. तिचा मागचा दरवाजा वर उघडायचा, दिव्यांच्या काचा पिवळ्या पडल्या होत्या, आणि थंडीत चोक ओढल्याशिवाय ती जागची हलत नसे. दुकानदार म्हणाला, "वीसच्या खाली येतच नाही, साहेब." बाबा म्हणाले, "कागद वीस म्हणते, तुमी वीस म्हणता. सडक काय म्हणते ते पाहू."

सडक काय म्हणते ते ऐकायची बाबांची एक पद्धत होती, आणि त्या पद्धतीत आमचं अख्खं घर सामील होतं. पेट्रोल भरायचं ते लाखांदूरच्या एकाच पंपावर, सकाळी ऊन चढायच्या आत, कारण तापलेलं पेट्रोल फुगतं असं त्यांचं म्हणणं. टाकी भरत आली की ते नळीवाल्याला थांबवायचे, मला खाली उतरवायचे आणि आम्ही दोघं गाडीला दोन्ही बाजूंनी धरून गदागदा हलवायचो. आत अडकलेली हवा बुडबुडत बाहेर आली की पुन्हा थोडं पेट्रोल, पुन्हा हलवणं, थेट तोंडापर्यंत. मागे रांगेत उभे असलेले मोटारसायकलवाले हसायचे. मला तेव्हा मरणाची लाज वाटायची. एकदा तर कॉलेजची दोन मुलं मागे उभी होती आणि मी चार दिवस कॉलेजला गेले नाही. नंतर बाबा काचेवर वही टेकवून मीटरचा आकडा लिहायचे. पुढची टाकी भरताना तसंच तोंडापर्यंत भरायचं, जेवढं बसलं तेवढ्या लिटरने मधल्या किलोमीटरला भागायचं, की आला ॲव्हरेज. आता माझ्या गाडीत हा आकडा समोरच्या पडद्यावर आपोआप उमटतो आणि दर वळणावर बदलतो. बाबा असते तर त्यांनी त्यावर रुमाल टाकला असता. माप एकदाच घ्यायचं, ठरल्या वेळी, आणि मग त्याच्याशी वाद घालायचा नाही, असं त्यांचं होतं.

हे सगळं त्यांच्या नोकरीतून आलेलं. ते पाटबंधारे खात्यात नदीची पातळी वाचायचे. वैनगंगेच्या पुलाच्या खांबावर पांढऱ्या-काळ्या पट्ट्या रंगवलेल्या असतात, त्यावर पाणी कुठवर आलं ते ठरल्या वेळेला बघून रजिस्टरमध्ये लिहायचं, एवढंच काम. पण पावसाळ्यात ते तासातासाला चाले आणि बाबा तीन-तीन दिवस घरी येत नसत. त्या रजिस्टरचे नियम त्यांनी आम्हाला पाढ्यांसारखे शिकवले होते. चुकलेला आकडा खोडायचा नाही, खरवडायचा तर नाहीच. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा. शेवटच्या रकान्यात, म्हणजे शेऱ्याच्या रकान्यात, चूक का झाली ते लिहायचं आणि सही करायची. गाडीच्या वहीलाही त्यांनी हाच शेऱ्याचा रकाना आखला होता. त्यात "टायरमध्ये हवा कमी", "आईसोबत तांदळाचं पोतं", "देव्हाडीच्या फाटकावर पंचवीस मिनिटं, इंजन बंद" असल्या नोंदी असायच्या. तांदळाच्या नोंदीवर आई आठ दिवस रुसली होती. पोत्याचं तिला काही नव्हतं, पण वहीत पोतं आणि ती एका ओळीत आले होते.

दिघोरीतल्या आमच्या घरासमोरची गल्ली बैलगाडीच्या मापाची, आणि अंगणात विहीर. त्यामुळे गाडी उभी राहायची ती गावाच्या टोकाला, सुखदेवकाकांच्या छपरीत. सुखदेवकाका बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. दोघं एका सायकलवर लाखांदूरला हायस्कूलला जायचे, जाताना एक पायडल मारायचा, येताना दुसरा. आमचं घर विहाराच्या अंगाचं, त्यांचं मारुतीच्या पाराकडचं, पण रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, त्यांच्या घरच्या बाया आमच्या बांधीत आणि आमच्या त्यांच्या, हे आमच्या जन्माआधीपासून चालत आलेलं होतं. काका ट्रॅक्टर चालवायचे, आणि गावच्या धान-गिरणीच्या डिझेलचे पिंप त्यांच्याच छपरीत असायचे. पिंपांच्या खोलीची किल्ली शेठनं त्यांच्या कमरेला दिली होती. त्या किल्लीचा काकांना अभिमान होता. बोलताना ते ती बोटानं हलवत राहायचे. माणूस गप्पिष्ट, खाणारा, लीलाकाकूंनी लाखोळीच्या डाळीचे वडे तळले की परातीजवळच ठाण मांडणारा. बाबांना एवढं चिडवायची मुभा गावात त्यांना एकट्यालाच होती. "शालिक," ते म्हणायचे, "तू गाडीत बसत नाहीस बाप्पा, तू तिची नाडी पाहतंस."

बारावी झाली की मला गाडी शिकवीन, असं बाबांनी कबूल केलं होतं. बारावी झाली, कॉलेजचं पहिलं वर्ष सरलं, उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या. मी विचारलं की ते म्हणायचे (संघमित्राचं त्यांनी मित्रा केलं होतं), "शिकाऊ हाताखाली ॲव्हरेज बसते, मित्रा. पहिल्या गिअरमध्ये गाडी पेट्रोल पिते, चालत नाही. या टाकीचं होऊ दे." त्या टाकीचं व्हायचं, आणि पुढची टाकी यायची. मुलीनं गाडी चालवू नये असं त्यांच्या मनात कधीच आलं नसेल. त्यांच्या मनात फक्त आकडा होता, आणि याच गोष्टीचा मला जास्त राग यायचा. मुलगी म्हणून नाही म्हणाले असते तर मला निदान भांडता आलं असतं.

शेवटी मी सुखदेवकाकांना गळ घातली. ते आधी हसले, मग गंभीर झाले. "तुह्या बाले मी होऊन सांगणार नाही," ते म्हणाले, "पन त्यानं इचारलं, त खोटं नाही बोलणार. जमते का?" मी म्हटलं, जमते. वैशाखातल्या दुपारी बारानंतर आमच्या गावात कुत्रंही सावली सोडत नाही. बाबा नदीवर असायचे, आई कूलरसमोर झोपायची, आणि त्या कूलरचा आवाज असा की तिच्या उशाशी ट्रॅक्टर आणला तरी तिला जाग आली नसती. मी भिंतीतल्या देवळीतली किल्ली घेऊन मागच्या शेतातून छपरीत जायचे. काकांनी पहिल्याच दिवशी बोनेट उघडलं, आत हात घातला आणि मीटरची केबल सोडून ठेवली. "आता काटा झोपला," ते म्हणाले. "तुहा बाप आकडे पाहते ना? पाहू दे." छपरीच्या मागून शेतरस्ता थेट गोसीखुर्दच्या नव्या कालव्याकडे जायचा. कालवा खोदून झाला होता, पाणी यायला अजून वर्षं होती, आणि काठाचा मुरमाचा रस्ता कोरा करकरीत, मोजणीचे दगड रोवलेला, माणूस ना काणूस. तिथे मी शिकले. पहिले आठ दिवस तर दुसरा गिअर मला दिसलाही नाही. गाडी उड्या मारायची, बंद पडायची, स्टार्टर खर्र खर्र करायचा, आत भट्टी पेटल्यासारखं गरम, आणि काका शेजारी बसून एका हातानं किल्ली हलवत म्हणायचे, "क्लच हळू सोड. हळू. कोंबडीच्या अंगावरून हात काढते तसा." वीस दिवस, रोज जाऊन-येऊन चार किलोमीटर. शेवटच्या आठवड्यात मी चौथ्या गिअरमध्ये त्या दगडांच्या ओळीतून गाडी नेली तेव्हा काका खिडकीबाहेर हात काढून ओरडले होते. इतकं निखळ सुख मला नंतर फार थोड्या वेळा मिळालं, हे आज सरळ लिहून टाकते.

परत आल्यावर काका केबल जोडायचे, मी सीटवरची धूळ पुसायचे, आणि दोघंही आपल्या हुशारीवर खूश असायचो. किलोमीटर लपवले की सगळं लपलं, असं आम्ही धरून चाललो. ज्या घरात चहाआधी ॲव्हरेज विचारला जातो त्या घरच्या मुलीनं, आणि त्या घरच्या जिवलगानं, पेट्रोलचा विचार करू नये, याचं मला अजून नवल वाटतं. पुढची टाकी भरली तेव्हा पंचवीस लिटरमध्ये तीनशे किलोमीटर. बाबांनी दोनदा भागाकार केला. मग प्लग बदलला, एअर फिल्टर झटकला, लाखांदूरच्या मेकॅनिकला बोलावून कार्बोरेटर उघडवला. तो म्हणाला, साहेब, यात काही नाही. वहीतला आकडा तोच. बारा. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. आईनं त्यांच्या आवडीचा मासोळ्यांचा रस्सा केला होता, तो झाकून ठेवला. रात्रभर ते कुशीवर कुशी बदलत होते असं आई सकाळी म्हणाली, आणि मला म्हणाली, "माणूस मेल्यासारखं तोंड करून बसला आहे, बाई. एवढं काय आहे त्या बारामध्ये?"

मी काकांकडे गेले. त्यांनी कपाळावर हात मारला. "घ्या! मीटरची तार काढली आपण, टाकीले कुठची तार काढाव? जाय पोरी, सांगून टाक. हसन आणि चूप बसन." मी म्हटलं, आंबागडहून आलो की सांगते. आंबागड आईचं माहेर. मामाकडे जायचं ठरलं होतं, आणि तिथून येईपर्यंत बाबांचा मूड ठीक होईल, एवढाच माझा हिशेब. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. मार पडण्याची वगैरे नाही. बाबा त्या वहीच्या पानाकडे बघतील आणि ते पान माझ्यामुळे खोटं ठरलेलं असेल, त्याची.

आंबागडचा प्रवास बाबांनी परीक्षेसारखा घेतला. लाखांदूरला टाकी तोंडापर्यंत, खिडक्या बंद, वेग पंचेचाळीसच्या वर नाही, उतार दिसला की न्यूट्रल. मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवून वाजवून थकले. आई घामानं निथळत होती. तुमसरच्या पुढे जंगल लागलं, डोंगरावरचा किल्ला दिसायला लागला, तेव्हा तिनं न विचारता आपली काच खाली केली आणि बाबांनी ती तशीच राहू दिली. मामाच्या अंगणात मोहाची फुलं वाळत पडली होती, सगळ्या घराला त्यांचा गोडसर वास. मामीनं चारोळ्या फोडून ठेवल्या होत्या. निघताना मामानं आंब्यांचं मोठं टोपलं मागे ठेवलं, आणि बाबांनी ते उचलून परत ओट्यावर ठेवलं. "पुढच्या खेपेले नेऊ," ते म्हणाले. "हे खेप मोजायची आहे." मामा बघतच राहिला. आई परतीच्या अख्ख्या वाटेवर खिडकीबाहेर बघत बसली. लाखांदूरला पुन्हा टाकी भरली, आम्ही दोघांनी गाडी हलवली, बाबांनी काचेवर वही टेकवली. सतरा पॉइंट चार. मला वाटलं, आता ते हसतील. त्यांनी वही मिटली आणि गाडी दिघोरीकडे वळवली.

घरी आल्यावर त्यांनी आईला शांतपणे सांगितलं, "सडकेवर सतरा. घरी बारा. गाडी तेच, मी तोच. फरक फक्त छपरीचा आहे." छपरीत डिझेल काढायची रबरी नळी खिळ्याला टांगलेली असायची, सगळ्यांच्या डोळ्यासमोर. काकांकडे एक जुनी मोपेडही होती. बाबांनी आणखी कुणाला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ते भंडाऱ्याहून पेट्रोलच्या टाकीला बसतं तसं झाकण घेऊन आले, पितळी, कुलुपाचं. गाडी छपरीतून काढून चावडीजवळच्या चिंचेखाली उभी केली, आणि भर संध्याकाळी, पानठेल्यावर माणसं बसलेली असताना, ते झाकण बसवलं. शिवी नाही, भांडण नाही. कुलूप लागल्याचा तेवढा आवाज.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी घरात जाऊन तांदूळ निवडत बसले. उद्या सांगू, आई झोपली की सांगू, बाबांचं जेवण झालं की सांगू असं करत दोन महिने गेले, आणि त्या दोन महिन्यांत त्या कुलुपानं गावभर आपलं काम केलं. धान-गिरणीच्या शेठनं पिंपांच्या खोलीची किल्ली "जरा दे" म्हणून मागून घेतली आणि परत दिली नाही. पिंपं गिरणीत हलवली. आमच्या बांधीत चिखलणीला दरवर्षी सुखदेवकाकांचा ट्रॅक्टर यायचा. त्या वर्षी बाबांनी बारव्हा गावाहून दुसऱ्याचा बोलावला. रोवण्याला लीलाकाकू आल्या नाहीत, आमच्या बाया तिकडे गेल्या नाहीत. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटताना एक बाई सहज म्हणाली, "त्याच्या डोळ्यात पह्यल्यापासूनच होतं व," आणि बाकीच्यांनी हो म्हटलं. आयुष्यभर ज्याच्या परातीतले वडे खाल्ले त्याच्या डोळ्यात पहिल्यापासून काय होतं ते सगळ्यांना दोन महिन्यांत दिसायला लागलं होतं. मी चिखलात उभी होते, हातात पऱ्ह्यांची पेंडी होती, आणि मी पुढचे पऱ्हे उपटायला वाकले. त्या बाईचा मला राग आला नाही. स्वतःची किळस आली.

संध्याकाळी तशीच चिखलाच्या पायांनी काकांकडे गेले. छपरीत पिंपांच्या जागी जमिनीवर तीन काळे गोल उरले होते. काका खाटेवर बसले होते, आणि बोटं सवयीनं कमरेशी जाऊन रिकामी परत येत होती.

"काका, तुमी काहून नाही सांगतलं?"

"त्यानं इचारलंच नाही," काका म्हणाले. "मी वाट पाहून राहिलो होतो, पोरी. येईन, इचारन, मी सांगीन, हसू. तो आला आणि गाडी घेऊन गेला. मले पाहलंबी नाही." मग म्हणाले, "तुह्यावर राग नाही. तू लहान आहेस. पन तो त लहान नाही."

लीलाकाकू चुलीपुढून उठल्या नाहीत. मला कुणी बस म्हटलं नाही. त्या घरात असं पहिल्यांदाच होत होतं.

घरी येऊन मी वही काढली. बाराच्या ओळीसमोर शेऱ्याच्या रकान्यात बाबांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, "टाकीतून चोरी. सु." आणि खाली सही. मी त्याच ओळीच्या खाली पेनानं लिहिलं: मीटरची केबल सोडून चालवलेले किलोमीटर, रोज चार, वीस दिवस, कालव्याच्या दगडांवरून मोजलेले, एकूण ऐंशी. चालवणार संघमित्रा. वही देवळीत किल्लीजवळ उघडी ठेवली आणि न जेवता झोपले.

सकाळी बाबा ओट्यावर बसून दात घासायच्या आधीच गणित करत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं नाही. तीनशे आणि ऐंशी, तीनशे ऐंशी. भागिले पंचवीस.

"पंधरा पॉइंट दोन," ते म्हणाले. "सतरा पाह्यजे. मंग बाकीचे दोन कुठी गेले?"

"पहिल्या गिअरमध्ये," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. आकडा जुळला होता. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, आणि त्यांचा चेहरा जो उतरला तो मी कधी विसरले नाही. माझ्यावर ते एका शब्दानं रागावले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त लागलं. "तीस वर्षं नदी वाचून राहिलो मी," ते आईला म्हणाले, ती दारात येऊन उभी होती. "रात्री शंका आली त पुन्हा उतरून पाहतो, पुरात उतरतो. आणि याले एक डाव इचारलं नाही."

आई म्हणाली, "मंग जा ना आता."

ते उठले, आंघोळ केली, ऑफिसला जायचा इस्त्रीचा शर्ट घातला आणि देवळीतली किल्ली माझ्या हातात दिली. "तू चालव." चिंचेखाली गेल्यावर त्यांनी पितळी झाकण काढलं, जुनं साधं झाकण बसवलं, आणि कुलूप हातातच धरून माझ्या शेजारी बसले. सगळ्या काचा खाली. चावडीपासून काकांच्या घरापर्यंत सरळ वाट होती, पण बाबांनी मला बाजाराच्या ओळीतून, विहारावरून, मारुतीच्या पारावरून वळसा घालून न्यायला सांगितलं. सकाळची वेळ, माणसं सगळी बाहेर. मी पहिल्या गिअरमध्ये, घाम फुटलेला. पानठेल्यावर कुणीतरी ओरडलं, "अबे, पोरगी चालवून राहिली!" बाबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "हो. सुखदेवनं शिकवली." पिठाच्या चक्कीजवळ तेच. "सुखदेवनं शिकवली. वीस दिवस. पेट्रोल तिनं जाळलं." गिरणीच्या फाटकासमोर त्यांनी मला थांबायला लावलं, मी गाडी बंद पाडली, आणि शेठ बाहेर येईपर्यंत ते तिथे बसून राहिले. शेठ आला. "पेट्रोल माह्या पोरीनं जाळलं," बाबा म्हणाले. "चूक माही होती. सुखदेवची किल्ली देऊन टाका." शेठ हसत काहीतरी म्हणाला. बाबा हसले नाहीत.

काकांच्या अंगणात मी गाडी थांबवली तेव्हा ते बैलाला पाणी पाजत होते. बाबा उतरले. कुलूप त्यांच्या हातात होतं, कुठे ठेवावं ते त्यांना कळत नव्हतं.

"सुखदेव, माहं चुकलं."

काकांनी बादली खाली ठेवली. "एक डाव इचारलं असतं, त सांगतलं असतं, शालिक."

"हो."

काकांनी बैल खुंट्याला बांधला. मग काका म्हणाले, "चहा घे." लीलाकाकूंनी चहा केला, बाबांनी बशीत ओतून प्यायला, मीही प्यायले. काकांनी मला विचारलं, "चौकात बंद पाडली का?" मी म्हटलं, गिरणीसमोर. "क्लच घाईनं सोडतंस अजून," ते म्हणाले.

पुढच्या वर्षीच्या रोवण्याला लीलाकाकू आल्या. शेठनं मात्र किल्ली कधीच परत दिली नाही. पिंपं गिरणीत सोयीची पडतात, असं त्याचं म्हणणं. गाडीही पुन्हा छपरीत उभी राहिली नाही. बाबांनी विचारलं नाही आणि काकांनी म्हटलं नाही; तिथे काकांनी ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी लावून ठेवली होती. गाडी विकेपर्यंत चिंचेखालीच राहिली, टपावर चिंचोके पडत राहिले, रंग उडाला. दोघं बोलायचे, लग्नाकार्याला एकत्र जायचे, पण "नाडी पाहतंस" हे चिडवणं मी नंतर कधी ऐकलं नाही. पाहुणे किती देते म्हणून विचारत राहिले आणि बाबा सांगत राहिले, फक्त पॉइंट सोडून.

बाबा गेल्यावर त्यांची कपाटं आवरताना ती वही माझ्याकडे आली. बरीच वर्षं मी ती उघडली नाही. हे प्रकरण लिहायला बसले तेव्हा उघडली. बाराच्या ओळीसमोर "टाकीतून चोरी. सु." यावर एकच आडवी रेघ आहे, खालची अक्षरं स्वच्छ वाचता येतात. त्याच्या शेजारी त्यांच्याच हातचं: "गाडी बरोबर. सुखदेव बरोबर. नोंद घेणाऱ्याची चूक." खाली सही, नदीच्या रजिस्टरवर करायचे तशी पूर्ण नावाची. आणि त्याखाली माझी ऐंशी किलोमीटरची ओळ, केबल, दगड, वीस दिवस, सगळं तपशीलवार. फक्त सही नाही. तेव्हा माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आणि बाबांनी कधी मागितली नाही. काल पेन घेऊन मी ती केली.